‘मी नेमका कोण?’ हा प्रश्न मुलांसोबत फँटसीतून कसा वाचायचा: अर्थसीच्या गेडला सोबत घेऊन

घरात अकरा-बारा वर्षांचं मूल असेल तर तुमच्या लक्षात आलंच असेल, की या वयात ते स्वतःच्या नावाबद्दल एकदम हळवं होतं. घरात ‘पिल्लू’ म्हटलेलं चालतं पण शाळेच्या गेटपाशी तीच हाक मारली तर दिवसभर तोंड फुगवून बसतं, आडनावावरून कुणी चिडवलं तर जेवत नाही, आणि मध्येच कधीतरी विचारतं की माझं हे नाव कुणी ठेवलं, मला का नाही विचारलं. या प्रश्नाचं उत्तर आपण समोर बसवून देऊ शकत नाही, दिलं तर लेक्चर होतं. पण एक चांगली फँटसी कादंबरी सोबत वाचली तर मूल स्वतःच त्या प्रश्नाभोवती फिरायला लागतं आणि आपल्याला फक्त शेजारी बसायचं असतं.

हा लेख त्या शेजारी बसण्याबद्दल आहे. मी एकच पुस्तक घेतलंय, उर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. अर्थसी हे त्यातलं बेटांचं काल्पनिक जग, आणि गेड हा त्याचा हिरो. १९६८ साली अमेरिकेत आलं, प्रकरणं फक्त दहा, आणि एका पोराने स्वतःला शोधायची गोष्ट इतक्या प्रामाणिकपणे सांगणारं दुसरं पुस्तक मला तरी माहीत नाही. बऱ्याच फँटसीत हिरोची ओळख म्हणजे एक गुपित असतं, तो मुळात राजपुत्र असतो किंवा त्याच्या आईवडिलांबद्दल काहीतरी लपवलेलं असतं, ते कळलं की झालं. इथे तसं काहीच नाही. गेड हा गावातल्या लोहाराचा मुलगा, आणि शेवटपर्यंत लोहाराचाच मुलगा. त्याला स्वतःबद्दल जे कळतं ते त्याने स्वतः केलेल्या एका भयंकर गोष्टीतून कळतं, ती गोष्ट ‘माझी आहे’ असं म्हणायला त्याला अख्खं पुस्तक लागतं. मुलांसोबत वाचताना हाच एक धागा धरून ठेवा, बाकी सगळं सुटलं तरी चालेल.

एक आधीच सांगते, या लेखात गोष्टीचा शेवट आहे. मोठ्यांनी आधी पूर्ण वाचूनच मुलांसोबत बसावं असं माझं ठाम मत आहे त्यामुळे तुमच्यासाठी शेवट फुटला तरी हरकत नाही, फक्त हा लेख मुलांच्या हातात देऊ नका.

पायरी १: पुस्तक आणि प्रत निवडणं

वय साधारण अकरा ते चौदा. नऊ वर्षांच्या मुलालाही गोष्ट कळते, ड्रॅगन आवडतो, पण सावलीचा, म्हणजे गेडच्या मागे लागणाऱ्या काळ्या आकृतीचा भाग त्याला नुसता भुताचा वाटतो. अकरानंतर मात्र त्यात ‘अरे, हे माझ्यासारखं आहे’ असं काहीतरी लागतं. पुस्तकाचं इंग्रजी सोपं नाहीये, वाक्यं जुन्या काव्यासारखी लांब आहेत, त्यामुळे मराठी शाळेतल्या मुलांसोबत मी एक-दोन परिच्छेद मोठ्याने इंग्रजीत वाचते आणि लगेच मराठीत गोष्ट सांगते, मग पुन्हा इंग्रजी. याने वेग कमी होतो पण या पुस्तकाला कमी वेगच मानवतो.

प्रत घेताना कव्हर बघा, हे मी मुद्दाम सांगतेय. गेडचा रंग पुस्तकात तांबूस तपकिरी आहे, त्याचा जिवलग मित्र व्हेच काळा आहे, आणि गोऱ्या कातडीचे लोक आहेत ते गावावर हल्ला करायला आलेले कार्ग. १९६८ मध्ये असं लिहिणं मोठी गोष्ट होती. पण नंतर कित्येक आवृत्त्यांच्या कव्हरवर गेड गोरा काढला गेला, २००४ साली टीव्हीवर मालिका आली त्यातही तो गोराच होता, आणि लेखिकेने त्यावर जाहीरपणे लिहून नाराजी सांगितली. आपल्या मुलांना हिरो म्हटलं की गोरा मुलगाच डोळ्यासमोर येतो, कार्टून बघा, जाहिराती बघा. म्हणून पहिल्या बैठकीतच मी मुलांना विचारते की गेड कसा दिसत असेल, काढून दाखवा. जवळजवळ सगळे गोरा काढतात. तो कागद जपून ठेवायचा, काही बोलायचं नाही. पुढे वर्णन आलं की मुलं स्वतःहून कागद मागतात आणि पुन्हा रंगवतात, आणि त्यानंतर जी चर्चा होते ती मी घडवून आणली असती तर इतकी चांगली झाली नसती.

पायरी २: नकाशा आणि वही

पुस्तकात अर्थसीचा नकाशा असतो, शेकडो बेटं आणि भोवती समुद्र. त्याची एक मोठी झेरॉक्स काढा, ए-थ्री असेल तर उत्तम, आणि भिंतीवर लावा. गेड जिथे जिथे जातो तिथे रेघ ओढत जायची, पळताना एका रंगाने आणि पाठलाग करताना दुसऱ्या रंगाने. हे आत्ता सांगितलं तर मुलांना कळत नाही की पळणं कुठलं आणि पाठलाग कुठला, पण सातव्या प्रकरणाच्या शेवटी रंग बदलायचा क्षण येतो आणि तो नकाशावर दिसला की त्यांना गोष्टीची रचनाच डोळ्यांनी दिसते.

सोबत एक साधी दोनशे पानी वही. तिच्यात तीनच पानं आधी आखून ठेवायची: नावांचं पान, सावलीचं पान, नकारांचं पान. बाकी वही मोकळी, कुणाला चित्रं काढायची असतील तर काढू दे.

वेळेचं म्हणाल तर आठवड्याला एक प्रकरण पुरे. परीक्षेच्या दिवसांत अजिबात सुरू करू नका, कारण चौथ्या प्रकरणानंतर मूल पुस्तक खाली ठेवायला तयार नसतं.

पायरी ३: नावांचं पान

इथे घाई करू नका. या पुस्तकातला जादूचा नियमच नावावर उभा आहे: प्रत्येक वस्तूला, प्रत्येक माणसाला एक खरं नाव असतं, आणि ज्याला ते कळलं त्याची त्यावर सत्ता चालते. म्हणून माणसं खरं नाव लपवतात आणि जगात वावरायला दुसरंच नाव वापरतात.

वहीच्या पानावर चार रकाने करा. नाव काय, कुणी दिलं, कधी, आणि त्या वेळी त्याच्याकडून काय काढून घेतलं. चौथा रकाना मुलांना सुरुवातीला कळत नाही, तरी ठेवाच.

पहिली ओळ डनी. हे नाव आईने ठेवलेलं, आणि ती तो वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा गेली, म्हणजे जीव आणि नाव एवढंच तिने दिलं. दुसरी ओळ स्पॅरोहॉक, एक छोटा शिकारी पक्षी. हे नाव गावातल्या पोरांनी पाडलं कारण तो हाक मारून शिकारी पक्षी हातावर बोलवायचा. तिसरी ओळ गेड. तेरा वर्षांचा होतो त्या दिवशी त्याची मावशी, जी गावातली चेटकीण आहे, त्याच्याकडून डनी हे नाव काढून घेते, मग तो बिननावाचा, उघडा, आर नदीच्या गार पाण्यात उतरतो, पलीकडे कुडकुडत पोचतो, आणि तिथे उभा असलेला जादूगार ओगिअन, त्याचा होणारा गुरू, त्याचा दंड धरून कानात त्याचं खरं नाव सांगतो.

आता इथे थांबून मुलांना विचारा, आपल्याकडे कानात नाव कधी सांगतात? कुणीतरी लगेच ओरडतं, बारशाला! आत्या कानात कुर्रर्र करते! मग पुढचं आपोआप येतं, की बारशात बाळाला काहीच कळत नसतं पण गेड तेरा वर्षांचा आहे आणि त्याला सगळं कळतंय. दुसरं कुणीतरी सांगतं की माझ्या पत्रिकेत नाव वेगळंच आहे, नावरस नाव, ते कुणी वापरत नाही, आजीलाच फक्त आठवतं. मुंज झालेला एखादा असेल तर तो मंत्राचं सांगतो. मुलांच्या घरातच या गोष्टीचे धागे आहेत, आपण फक्त ओढायचे. घरी जाऊन आजीला विचारून या म्हणावं, तुझं नाव कुणी ठेवलं आणि लग्नात बदललं का. आमच्या गटातली एक मुलगी आजीच्या लग्नातलं तांदळाचं ताट आणि अंगठीने लिहिलेलं नवीन नाव असं सगळं ऐकून आली आणि वहीत चौथ्या रकान्यात तिने लिहिलं, ‘आजीचं पहिलं नाव, आता फक्त तिच्या भावाला माहीत आहे’. त्या दिवशी पुढचं प्रकरण वाचायचं राहूनच गेलं आणि काही बिघडलं नाही.

इथे लेखिकेबद्दल थोडं सांगता येतं, मोठ्या मुलांना हे फार आवडतं. ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मोठे मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलजवळ ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा एक माणूस एकटाच जंगलातून बाहेर आला, त्याचे सगळे लोक संपले होते. क्रोबर आणि त्यांचे सहकारी त्याच्यासोबत काम करायचे. त्याच्या रिवाजाप्रमाणे स्वतःचं नाव स्वतः परक्याला सांगायचं नसतं, म्हणून त्याला ‘इशी’ म्हणायला लागले, आणि १९१६ मध्ये तो गेला तोवर त्याने खरं नाव कुणालाही सांगितलं नाही. पुढे ले ग्विन यांच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी, १९६१ साली त्याच्यावर पुस्तक लिहिलं. ले ग्विन यांचा जन्म १९२९ चा, त्यांनी इशीला पाहिलं नव्हतं. पण ज्या घरात ही गोष्ट बोलली जायची त्या घरातल्या मुलीने पुढे खऱ्या नावांचं जग रचलं, आणि मला स्वतःला हे दोन्ही शेजारी ठेवून वाचायला आवडतं.

नावांच्या पानावर आणखी एक ओळ हवीच. व्हेच. रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत गेड मोठी चूक करतो, आजारी पडतो, सगळ्यांच्या मागे पडतो, आणि त्या काळात व्हेच जाताना त्याला स्वतःचं खरं नाव सांगतो, एस्टॅरिअल. म्हणजे माझ्यावर सत्ता चालवायची किल्ली घे, तू ती वापरणार नाहीस हे मला माहीत आहे. चौथ्या रकान्यात इथे काय लिहायचं हे मुलांना ठरवू द्या. ‘काही काढून घेतलं नाही, उलट दिलं’ असं कुणीतरी लिहितंच.

पायरी ४: सावलीचं पान (प्रकरण २ ते ४, हे सावकाश)

सावली दोनदा येते आणि मुलांना पहिली वेळ हमखास विसरायला होते, म्हणून वहीत लिहून ठेवा.

पहिली वेळ ओगिअनच्या घरी. ओगिअन हा फार शांत गुरू, पाऊस आला तरी जादूने थांबवत नाही, भिजतो. गेडला वाटतं हा काही शिकवतच नाही. मग तिथल्या रे अल्बी गावाच्या सरदाराची मुलगी त्याला चिडवते, तुला मेलेल्यांना बोलवता येतं का, रूप बदलता येतं का, आणि तो तिला दाखवायला म्हणून ओगिअनचं पुस्तक उघडतो, मंत्र वाचतो, आणि दाराजवळ काळोखाचा एक गोळा उभा दिसतो. ओगिअन येऊन ते मोडतो. रागवत नाही. विचारतो, माझ्याकडे राहायचंय की रोकला जायचंय, तूच ठरव. गेडला तो माणूस आवडतो तरी तो रोक निवडतो.

दुसरी वेळ रोकवर. जॅस्पर नावाचा मोठ्या घरातला, गोड बोलून टोमणे मारणारा मुलगा आहे. उत्सवाच्या रात्री दोघांची जुंपते आणि गेड सगळ्यांसमोर हजार वर्षांपूर्वी मेलेल्या एल्फारनला बोलवून दाखवतो. ती दिसते, आणि त्या फटीतून काहीतरी बाहेर पडतं, त्याच्या चेहऱ्यावर झडप घालतं. शाळेचा प्रमुख जादूगार नेमर्ल ती फट बुजवतो आणि त्यात त्याचा जीव जातो. गेडच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात.

हे वाचून झाल्यावर मुलं गप्प होतात, थोडा वेळ गप्पच राहू द्या. मग एकच प्रश्न विचारा: ही चूक कुणाची? पहिलं उत्तर नेहमी ‘जॅस्परची’ असतं. ते चूक म्हणू नका. पुन्हा ते पान काढा, जॅस्पर नेमकं काय बोलला ते वाचा आणि गेड नेमकं काय करतो ते वाचा, आणि मुलांना वहीत दोन बाजूंना लिहायला सांगा. जॅस्परने काय केलं, गेडने काय केलं. टोमणा मारणं हे एका बाजूला येतं, मंत्र म्हणणं दुसऱ्या बाजूला. दोन्ही रकाने भरले की बहुतेकांना स्वतःच दिसतं की डिवचलं त्याने, पण दार उघडलं याने. बारा वर्षांच्या मुलासाठी हा फार जड विचार आहे, कारण त्याच्या रोजच्या आयुष्यात ‘त्याने आधी चिडवलं’ हेच सगळ्यात मोठं कारण असतं. गोष्टीतल्या मुलाबद्दल बोलत असल्यामुळे त्याला स्वतःचा बचाव करावा लागत नाही. तुम्हीही चुकून सुद्धा ‘बघ, परवा तू तसंच केलंस ना’ असं म्हणू नका, पुस्तक तिथेच संपेल.

आणखी एक जागा याच भागात आहे. हातचलाखी शिकवणाऱ्या गुरूकडे गेड खडा हिऱ्यासारखा दिसेल असा करायला शिकतो आणि विचारतो, हा खरोखरचा हिरा कसा करायचा. गुरू सांगतो की त्यासाठी खड्याचं खरं नाव बदलावं लागेल, आणि ते केलं तर सगळं जग थोडं बदलेल, म्हणून आधी काय होईल हे कळल्याशिवाय काही बदलू नये. इन्स्टावर फिल्टर लावणाऱ्या वयाला हे लगेच भिडतं: दिसणं बदलणं आणि असणं बदलणं. जमलं तर एखादा खडा समोर ठेवून बोला, लहान मुलांना वस्तू लागते.

पायरी ५: नकारांचं पान

गेडने काय केलं हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याने काय करायला नकार दिला हे पान मात्र मी मुद्दाम वेगळं ठेवते, कारण माझ्या मते त्याची ओळख तिथेच पक्की होते.

सगळ्यात महत्त्वाचा नकार पेंडॉर बेटावरच्या ड्रॅगनसमोरचा. तोवर गेड शिकून बाहेर पडलाय, एका गरीब बेटांच्या गटात लोकांचं ड्रॅगनपासून रक्षण करायच्या कामावर आहे, आणि सावली त्याला शोधतेय हे त्याला जाणवतंय. तो स्वतःच पेंडॉरला जातो आणि जुन्या इतिहासावरून अंदाज बांधून ड्रॅगनचं खरं नाव घेतो, येव्हॉड. नाव कळल्यामुळे गेडला ड्रॅगनशी एकच सौदा करता येतो. ड्रॅगन म्हणतो, तुझ्यामागे जे लागलंय त्याचं नाव मी तुला सांगतो. म्हणजे गेडचा जीव वाचेल. गेड ते घेत नाही. तो ड्रॅगनकडून शपथ घेतो की तू आणि तुझी पोरं या बेटांकडे कधी येणार नाही. इथे पुस्तक मिटवा आणि मुलांना मतदान करायला लावा, तुम्ही असता तर काय मागितलं असतं. हात वर करून नको, चिठ्ठ्या टाकून, म्हणजे खरी उत्तरं येतात. जी मुलं ‘सावलीचं नाव’ लिहितात ती अजिबात चुकीची नाहीत, आणि त्यांना तसं स्पष्ट सांगा. त्यांनी कारण द्यावं एवढंच.

दुसरा नकार ऑस्किल बेटावरच्या किल्ल्यात. तिथे टेरेनॉन नावाचा एक प्राचीन दगड आहे, त्याला सगळं माहीत असतं, आणि सेरेट, म्हणजे तीच रे अल्बीची मुलगी आता मोठी झालेली, गेडला सांगते की दगडाला विचार, तो तुला सावलीचं नाव सांगेल. पुन्हा आयतं उत्तर समोर आहे आणि पुन्हा तो नाही म्हणतो, कारण ज्याच्याकडून उत्तर घ्यायचं त्याचा गुलाम व्हावं लागणार हे त्याला दिसतं.

या दोन नकारांच्या आधीची एक छोटी जागा मात्र होकाराची आहे आणि ती मला पुस्तकात सगळ्यात जास्त आवडते. रोकची शाळा सोडताना दारपालाचं खरं नाव सांगावं लागतं, ही शेवटची परीक्षा. गेड दिवसभर विचार करत बसतो, जोर करून काढू का, युक्ती करू का. संध्याकाळी तो दारपालाला सांगतो की तुमचं नाव जबरदस्तीने घेण्याइतकी माझी ताकद नाही आणि फसवून घेण्याइतका मी शहाणा नाही, आणि मग सरळ विचारतो, तुमचं नाव काय. दारपाल हसतो आणि सांगतो. ज्या मुलाने एका टोमण्यावरून मेलेल्यांना बोलवलं तोच मुलगा आता ‘मला येत नाही’ असं म्हणू शकतो. मुलांना हे वाचताना आधी मजा वाटते, इतकं सोपं! मग विचारा की हे दुसऱ्या प्रकरणातल्या गेडला जमलं असतं का.

पायरी ६: ससाणा, आणि नकाशावर रंग बदलणं

हे थोडक्यात. ऑस्किलहून सुटताना गेड ससाणा होतो आणि इतका वेळ त्याच रूपात उडतो की माणूसपण विसरत चाललेला असतो, त्याला बोलता येत नाही. तो थेट ओगिअनच्या हातावर येऊन बसतो, आणि ओगिअन त्याला ओळखतो. ज्याने नाव दिलं त्यानेच ओळखलं, हे मुलं नावांच्या पानाशी आपणहून जोडतात, नाही जोडलं तर तुम्ही ते पान उघडून फक्त समोर ठेवा. ओगिअन त्याला सांगतो की आता पळू नकोस, वळ, आणि जे मागे लागलंय त्याच्या मागे तू जा. आता नकाशावरचा पेन बदलायचा.

पायरी ७: शेवट वाचताना

शेवटचं प्रकरण मोठ्याने, एका बैठकीत, मध्ये न थांबता. गेड आणि व्हेच एका छोट्या होडीतून जगाच्या कडेपलीकडे पूर्वेला जातात, पाणी वाळूसारखं होतं, गेड होडीतून उतरून चालायला लागतो आणि समोरून सावली येते. येताना तिचा चेहरा बदलत राहतो: आधी त्याचा बाप, मग जॅस्पर, मग पेचव्हॅरी, ज्याचा आजारी मुलगा गेडला वाचवता आला नव्हता, मग स्किओर, ज्याचं शरीर सावलीने घेतलं होतं. आणि मग दोघं एकाच वेळी एकमेकांचं नाव घेतात. दोघांच्या तोंडून एकच नाव येतं: गेड. प्रकाश आणि अंधार एकत्र होतात. कुणी हरत नाही, कुणी जिंकत नाही.

वाचून झालं की लगेच ‘काय शिकलात’ विचारायचं नाही, हे मी हात जोडून सांगते. सावलीला स्वतःचंच नाव का, हे तुम्ही समजावून सांगितलंत तर मुलाच्या हाती काहीच उरत नाही. त्याऐवजी चेहऱ्यांबद्दल विचारा. हेच चार चेहरे का? बापाचा का, तो तर गोष्टीत फार आलाच नाही? यावर मुलं जे बोलतात ते ऐकत बसा. कुणी म्हणतं, ज्यांचा त्याला राग यायचा ते सगळे. कुणी म्हणतं, ज्यांच्यासमोर त्याला लाज वाटली ते. आणि काही मुलांना त्या दिवशी काहीच कळत नाही, त्यांचा प्रश्न महिनाभराने जेवताना अचानक येतो. त्यासाठी वही सहज हाताशी राहील अशी ठेवा.

रडणारं मूल असेल तर एवढंच सांगा की व्हेचलाही क्षणभर वाटलं होतं गेड हरला, म्हणून तो मदतीला धावला. मित्र तिथे होता, हे मुलांना पुरतं.

पायरी ८: दुसरं पुस्तक कुठलं

लगेच दुसरं पुस्तक घ्या कारण तुलना केल्याशिवाय मुलांना आपण काय वाचलं हे नीट दिसत नाही. याच मालिकेतलं ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’, १९७१ चं, हे मुलींसोबत तर वाचाच आणि मुलांसोबतही वाचा. टेनार नावाच्या पाच वर्षांच्या मुलीला घरातून उचलून मंदिरात आणतात, मेलेल्या पुजारिणीचा हा पुनर्जन्म आहे असं ठरवतात, आणि विधी करून तिचं नाव काढून घेतात. ती मोठी होते ती ‘आर्हा’ म्हणून, आणि तिला ती मोठी सत्ता वाटते. तिचं पहिलं नाव तिला परत मिळतं ते गेडकडून, अंधाऱ्या भुयारात. गेडच्या गोष्टीत जुनं नाव जाऊन खरं नाव मिळालं, इथे जुनंच नाव खरं निघालं. नावांचं पान पुन्हा उघडा, आणि आजीच्या तांदळाच्या ताटाची ओळ पुन्हा वाचा.

फिलिप पुलमन यांचं ‘नॉर्दर्न लाइट्स’, १९९५ चं, जरा मोठ्या मुलांसाठी. त्यात प्रत्येक माणसाचा जीव एका प्राण्याच्या रूपात बाहेर सोबत असतो, लहानपणी तो सारखी रूपं बदलतो आणि वयात येताना एका रूपात स्थिर होतो. त्यातल्या लायरा या मुलीला आईबाप कोण हे कळतं, पण त्या कळण्याने तिला काहीही सोपं होत नाही, हे महत्त्वाचं. हॅरी पॉटर बहुतेकांनी वाचलेलं किंवा पाहिलेलं असतं, तेव्हा पहिल्या पुस्तकातली, म्हणजे १९९७ सालच्या, टोपीची जागा वापरा: शाळेत कुणी कुठल्या गटात जायचं हे ठरवणारी जादूची टोपी हॅरीला स्लिदरिन या गटात टाकायचा विचार करते आणि तो मनात म्हणतो तिथे नको. त्याला आपण कोण हे अकराव्या वाढदिवसाला हॅग्रिडने सांगितलेलं असतं, पण टोपीखाली त्याला स्वतःला काहीतरी मागावं लागतं. मुलांना विचारा, गेडच्या नकारांच्या पानावर ही ओळ बसते का. वाद होतो, होऊ दे.

पायरी ९: मुलांनी स्वतः लिहायचं

शेवटी मुलांना स्वतःची एक छोटी फँटसी लिहायला द्या, दोन-तीन पानं पुरे. एक अट घाला: हिरो किंवा हिरोईन गुपचूप राजघराण्यातली असता कामा नये, आणि भविष्यवाणी नको. ही अट घातली की सुरुवातीला सगळे कुरकुर करतात कारण गोष्ट सुरू करायची सगळ्यात सोपी वाट बंद झालेली असते. मग त्यांना चार गोष्टी ठरवायला सांगा. याला घरात काय म्हणतात आणि बाहेर काय म्हणतात. कशाबद्दल याला लाज वाटते. कुणासमोर फुशारकी मारायला जाऊन याने काय बिघडवलं. आणि ते निस्तरताना कुठलं आयतं उत्तर याने नाकारलं. बिघडवलेली गोष्ट जादूची हवी पण कारण खरं हवं, म्हणजे गावातली विहीर बोलायला लागली हे चालेल, पण का लागली, तर पोराला बहिणीपेक्षा आपण हुशार हे दाखवायचं होतं.

गाव, माणसं, जेवण सगळं आपलंच असू दे. मुलं इंग्रजी फँटसी वाचून लिहायला बसली की पानोपानी किल्ले आणि बर्फ येतो. त्यांना विचारा, तुझ्या गावात काळोख सगळ्यात जास्त कुठे असतो. कुणी सांगतं आजोळचं माजघर, कुणी म्हणतं बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीखालची जागा, तिथून गोष्ट सुरू करायची.

शुद्धलेखन तपासू नका, पहिल्या खर्ड्यात तर मुळीच नाही. वाचून झाल्यावर फक्त एक जागा दाखवा जिथे पात्राने स्वतःहून काहीतरी ठरवलंय, आणि विचारा की इथे तो घाबरला होता का, मग ते लिही. बहुतेक मुलं ती भीती गाळतात, आणि ती घातली की गोष्ट एकदम उभी राहते. मोठ्याने वाचून दाखवायची सक्ती करू नका. काही मुलांना वही फक्त एकाच माणसाला दाखवायची असते, आणि तो माणूस तुम्ही नसलात, त्यांचा मित्र असला, तरी वही त्यालाच जाऊ द्या.